पाय, फक्त ४२ अक्षरांत

मी शब्दांवर जगते, अगदी शब्दशः! फ्रीलान्सरला शब्दामागे पैसे मिळतात, त्यामुळे एडिटरने वाक्य उडवलं की माझं बिलही उडतं. माझी रूममेट मात्र आयटीतली. दिवसभर ऑफिसात पानपानभर कोड लिहिते आणि रात्री हौसेने कोड छाटत बसते. या वेडाला म्हणतात कोड गोल्फ. गोल्फमध्ये कमीत कमी फटके, इथे कमीत कमी अक्षरं.

परवा तिचं टार्गेट होतं पाय. शाळेत बावीस सप्तमांश म्हणून घोकलेला तोच. एक वजा एक तृतीयांश, अधिक एक पंचमांश, वजा एक सप्तमांश... असं करत राहायचं आणि बेरजेला चारने गुणायचं. गोची एकच, चिन्ह दर वेळी पालटतं आणि ते पालटायला अक्षरं खर्च होतात. तिचा फंडा ऐका. १, उणे ३, ५, उणे ७ हे आकडे चढत्या क्रमाने लावा: उणे ७, उणे ३, १, ५. प्रत्येकात चारचं अंतर! मग उणे ९९९ पासून चार-चारच्या उड्या मारत ९९७ पर्यंत यायचं, प्रत्येक आकड्याने ४ ला भागायचं आणि बेरीज करायची. चिन्हाची भानगडच संपली. पायथॉनमध्ये एक ओळ, ४२ अक्षरं. सॉलिड ना?

उत्तर आलं ३.१३९५. पाचशे पदं घेऊनही दुसऱ्याच दशांश स्थळाला गंडलेलं! तिने दोन्ही टोकांना दोन-दोन नऊ वाढवले. ४६ अक्षरं, ५० हजार पदं, उत्तर ३.१४१५७. श्रेणीच गोगलगाय, त्याला ती काय करणार?

ही श्रेणी लायब्निट्झच्या नावावर खपते, पण तिचं श्रेय त्याच्या कितीतरी आधीच्या केरळच्या माधवाला जातं. माधवाच्या परंपरेतल्या गणितींनी उरलेल्या शेपटाचाही हिशेब दिलाय. ५०० पदांवर थांबलात? मग एक भागिले ५००, म्हणजे ०.००२ मिळवा. त्यांच्याकडे कुठला आलाय लॅपटॉप! प्रत्येक पद म्हणजे हाताने केलेला भागाकार. म्हणून त्यांनी कष्ट छाटले. आम्ही छाटतोय अक्षरं, आणि मला तरी त्यांचा हिशेब जास्त पटतो.

‘घाल की ते,’ मी म्हटलं. ‘अगं, मूळच्या ओळीत पाच अक्षरं वाढतात!’ कुरकुरत तिने टाइप केलं. ३.१४१५९२६५. आठही दशांश स्थळं बरोबर!

पाच मिनिटं आम्ही दोघी स्क्रीनकडे बघत बसलो. मग तिने कॉफी केली. आता ४७ ची ४६ कशी होतील, यावर तिचं डोकं चाललंय.