घरातली तिसरी भाषा

भाषा हाच माझा चरितार्थ आहे. गेली दहा वर्षे मी शाळेत मराठी शिकवते. ऱ्हस्वदीर्घाच्या चुकीभोवती लाल शाईने काढलेले वर्तुळ हीच बहुधा माझ्या विद्यार्थ्यांच्या मनातील माझी मूर्ती असेल! शाळा सुटली, घरी येऊन पायरीवर वहाणा काढल्या, की मराठीही तेथेच थांबते आणि आत कोकणी सुरू होते. गोव्यातील पुष्कळ घरांची हीच रीत आहे. आरती मराठीत, गाऱ्हाणे कोकणीत. वर्तमानपत्र मराठीत, त्यावरचा वाद कोकणीत. माझे सासरे आणि शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर सायंकाळी आमच्या पडवीवर बसतात. १९८७ साली झालेला राजभाषा कायदा हा त्यांचा ठरलेला विषय. त्या कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापराला वाव राहिला. यात कोणावर अन्याय झाला, या प्रश्नाचा निकाल आमच्या पडवीवर अद्याप लागलेला नाही.

अशा या घरात २०२२ सालच्या डिसेंबर महिन्यात चार वर्षांची एक मुलगी आली. तिच्यापुरत्या दोन्ही भाषा अगदी सारख्या होत्या, कारण तिला दोन्हीही ऐकू येत नव्हत्या.

तिचे पाळण्यातले नाव मी येथे सांगत नाही. उद्या ती मोठी होईल, हा अंक तिच्या हाती पडेल. आपले नाव कोठे छापावे आणि कोठे नाही, हे ठरवण्याचा अधिकार तिचाच आहे. घरी आम्ही तिला नुसते ‘बाय’ म्हणतो. कोकणी घरातली प्रत्येक लाडकी मुलगी बायच असते.

दत्तक घेणे म्हणजे आवडलेले मूल उचलून घरी आणणे, अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात केंद्रीय प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. समाजसेविका घरी येऊन घर, मिळकत आणि त्याहून अधिक म्हणजे माणसे पाहून अहवाल लिहिते. न्यायालयाऐवजी जिल्हादंडाधिकाऱ्यांनी दत्तकाचा आदेश द्यावा, ही पद्धत १ सप्टेंबर २०२२ पासून सुरू झाली, आणि आमचा आदेश त्याच पद्धतीने मिळाला. आदेशानंतरही दोन वर्षे दर सहा महिन्यांनी मुलाची विचारपूस होत राहते. विशेष गरजा असलेले मूल चालेल का, असे आम्हांला विचारण्यात आले तेव्हा यजमानांनी चटकन ‘होय’ म्हटले. माझा होकार दोन रात्री उशिरा आला, हे मी लपवून ठेवीत नाही.

बाय घरी आल्यावर नातलगांपैकी एक बाई सासूबाईंना म्हणाल्या, “इतके सायास करून आणलीत, ती नीट ऐकणारी तरी आणायची होती!” सासूबाई पाटावर बसून नारळ खोवत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “पोटची अशी झाली असती, तर कोणाला परत केली असती?” त्यानंतर तो विषय आमच्या घरात पुन्हा कोणी काढला नाही.

तपासणीअंती असे कळले, की नव्वद डेसिबलच्या आतला आवाज बायपर्यंत पोहोचतच नाही. कानाच्या आत शस्त्रक्रियेने बसवायच्या यंत्राचाही विचार झाला. परंतु त्याचा लाभ अगदी लहान वयात अधिक होतो, आणि तिच्या बाबतीत तज्ज्ञांनी तो मार्ग सुचवला नाही. दोन्ही कानांना श्रवणयंत्रे आली. सदऱ्याच्या गुंडीएवढी त्यांची बॅटरी असते. पावसाळ्यात आमच्या हवेला पाणी सुटते, म्हणून ती यंत्रे रात्री ओल शोषणाऱ्या खड्यांच्या डबीत निजवावी लागतात. कान वाढतो तसा त्याचा साचाही नवा करावा लागतो. एक गोष्ट मात्र कोणी आधी सांगितली नव्हती. तिला कुशीत घेतले, की यंत्र दाबले जाऊन बारीक शिट्टी वाजू लागते. प्रथम मी दचकून तिला दूर करी. पुढे त्या शिट्टीची सवय झाली. आता शेजारच्या खोलीत शिट्टी वाजली, की कोणीतरी बायला पोटाशी धरले आहे, एवढे सर्वांना समजते.

यंत्रांमुळे तिला ढगांचा गडगडाट आणि कुत्र्याचे भुंकणे यांची चाहूल लागू लागली. परंतु बोलणे काही उलगडेना. आणि येथेच माझ्यातल्या शिक्षिकेने कंबर कसली. मी भाषा शिकवणारी. माझ्या घरातले मूल बोलल्याशिवाय कसे राहील? रोज सायंकाळी मी तिला आरशासमोर बसवी. ओठांपुढे कागदाची पट्टी धरून ‘प’ म्हणावे, पट्टी हलली की टाळी वाजवावी. तिचे बोट माझ्या नाकावर टेकवून ‘म’चे कंपन दाखवावे. तिने हातांनी काही खुणावले, की मी ते हात हळूच धरून मांडीवर ठेवी. खुणांची सवय लागली तर ती बोलणार नाही, असे मला कोणीतरी सांगितले होते, आणि मीही ते पडताळून पाहिले नाही. आठ महिन्यांत तिला अकरा शब्द आले. त्यांतला ‘आई’ हा शब्द तिने प्रथम उच्चारला, तेव्हा मी रडले. अकरा शब्दांत मुलाचे काय काय सांगायचे राहून जात असेल, हा विचार मात्र त्या दिवशी मनाला शिवला नाही.

तो विचार पुढे एका प्रसंगाने आला. शेजारची सून गरोदर होती. एके दुपारी बाय तिच्या पोटाकडे पाहत राहिली, घरी धावत आली, आणि हात फुगवून तिने मला पोटाचा आकार दाखवला. मग आपल्या छातीवर बोट ठेवले, नंतर माझ्या पोटावर, आणि भुवया उंचावून ती माझ्याकडे पाहू लागली. मी तुझ्या पोटात होते का? इतका स्पष्ट प्रश्न माझ्या वर्गातही मला क्वचितच कोणी विचारला असेल.

मुलाला दत्तकाची गोष्ट लहानपणापासून खरी सांगावी, हे मी वाचले होते आणि मनाशी ठरवलेही होते. कोणत्या शब्दांनी सांगावे, याचीही मराठीत आणि कोकणीत तयारी केली होती. त्यातला एकही शब्द तिच्यापर्यंत जाणारा नव्हता. ती वाट पाहत होती. अखेर मी मान हलवली. होय!

तिला अतिशय आनंद झाला. पुढचे कित्येक दिवस निजताना ती आपला तळवा माझ्या पोटावर ठेवी आणि ओळखीच्या घरात आल्यासारखी हसे. भाषेच्या शिक्षिकेने आपल्या मुलीला सांगितलेली पहिली मोठी गोष्ट खोटी होती. आणि ती खोटी होती, कारण आईजवळ मुलीची भाषा नव्हती.

त्यानंतर मी चौकशीला लागले. तेव्हा कळले, की माझी चूक फार जुन्या परंपरेतली आहे. १८८० साली इटलीतील मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली होती. तेथील बहुसंख्य प्रतिनिधी ऐकू येणारे होते. आणि या मुलांना केवळ तोंडी बोलण्यातूनच शिकवावे, खुणांतून नव्हे, असे त्यांनी ठरवले. पुढे पिढ्यान् पिढ्या कित्येक देशांत मुलांचे हात असेच मांडीवर दाबून ठेवले गेले. २०१० साली व्हँकुव्हरच्या परिषदेने ते ठराव अमान्य केले. आपल्याकडे २०१५ साली दिल्लीत सांकेतिक भाषेच्या संशोधनाचे व प्रशिक्षणाचे केंद्र स्थापन झाले. त्या केंद्राच्या शब्दकोशात २०१८ साली ३,००० शब्द होते, ते २०२१ साली १०,००० झाले. ज्याला मी खुणा म्हणून हिणवत होते, ती व्याकरण असलेली भाषा होती! तिच्यात ‘कोण’, ‘कोठे’, ‘काय’ हे प्रश्नाचे शब्द वाक्याच्या शेवटी येतात, आणि भुवयांची हालचाल हाही व्याकरणाचाच भाग असतो.

एक कर्णबधिर तरुणी दर रविवारी आमच्या घरी शिकवायला येऊ लागली. सत्तरीच्या सासऱ्यांपासून पाच वर्षांच्या बायपर्यंत सगळे एकाच वर्गात बसलो. सर्वांत आधी सासूबाई उत्तीर्ण झाल्या. त्यांचे हात बोलताना पूर्वीही स्वस्थ नसत. सासऱ्यांची संधिवाताने आखडलेली बोटे वळत नसत, म्हणून बाय ती आपल्या हाताने वळवून देई. नाकातल्या चमकीच्या जागी बोट लावले की ‘आई’. प्रत्येकाला बायने स्वतःची नावेही दिली. केसांत अबोलीचा वळेसर माळण्याची खूण म्हणजे आजी. चष्मा सावरण्याची खूण म्हणजे आजोबा. मिशीवरून बोट फिरवले की बाबा, मग बाबांना मिशी नसली तरी हरकत नाही. जेवताना उजवा हात हुमण-भातात गुंतलेला असतो, म्हणून आमच्याकडे ताटावरच्या गप्पा डाव्या हाताने चालतात. चवथीच्या आरतीला बाय घुमटाच्या मातीच्या पोटावर तळवा टेकवून उभी राहते आणि ताल चुकला तर वाजवणाऱ्याकडे रागाने पाहते.

वर्षभरानंतर एका सुटीच्या सकाळी मी तिला पडवीवर घेऊन बसले. संस्थेतील तिचे छायाचित्र पुढे ठेवले आणि हातांनी सांगितले, “मी तुला खोटे सांगितले होते. तू माझ्या पोटात नव्हतीस. दुसरी एक आई होती, तिच्या पोटात होतीस. मग या घरात राहिलीस. मग आम्ही गाडीतून आलो आणि तुला घेतले.”

ती पुष्कळ वेळ छायाचित्र पाहत राहिली. मग तिने विचारले, “आई ती, कोठे?”

“मला ठाऊक नाही.”

“तिला हातांनी बोलता येते?”

“ठाऊक नाही, बाय.”

तिने थोडा विचार केला. मग म्हणाली, “तुला येते.” आणि उठून आजीकडे खोबरे मागायला गेली.

त्याच रात्री वादळी पाऊस आला आणि वीज गेली. आमच्या घरी वीज जाणे म्हणजे भाषाच जाणे! अंधारात मला तिचे हात दिसत नाहीत, तिला माझे दिसत नाहीत, आणि हाक तर तिच्यापर्यंत जातच नाही. मी मेणबत्तीसाठी चाचपडत असता दोन लहान हात माझ्यापर्यंत आले. त्यांनी माझा चेहरा शोधला, गालावरून सरकत एक बोट माझ्या नाकावर चमकीच्या जागी टेकले, आणि तेथेच थांबले. मी तो हात धरून मान हलवली. होय. या खेपेस मान हलवताना मनात कसलाही किंतू नव्हता. मी तिला जवळ घेतले आणि अंधारात ती बारीक शिट्टी वाजू लागली.

बाय आज सात वर्षांची आहे. ते अकरा शब्द तिने टाकलेले नाहीत; त्यांत भरही पडली आहे, आणि माझे ओठ वाचून ती कोकणी आणि मराठी यांतला फरक ओळखू लागली आहे. सासऱ्यांचा आणि पोस्टमास्तरांचा वाद अजून चालूच आहे. फक्त बाय पडवीवर आली, की दोघेही बोलणे थांबवून हात वर करतात.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या वाड्यावर, कदाचित तुमच्याच वर्गात, असे एखादे मूल असेल. त्याच्याशी बोलताना ओरडू नका. त्याचा उपयोग नसतो. उजेडात, समोर उभे राहा, तोंडावर हात धरू नका, आणि त्याच्या चार खुणा तरी शिकून घ्या. कोणती भाषा श्रेष्ठ, हा वाद मोठी माणसे पडवीवर बसून खुशाल करोत. घरातल्या लहानात लहान माणसाला जिच्यात प्रश्न विचारता येईल आणि जिच्यात आपल्याला त्याला खरे उत्तर देता येईल, ती भाषा घरात असली पाहिजे. आणि ती नसेल, तर ती शिकण्याचे काम मोठ्यांचे आहे, मुलाचे नव्हे.