चित्रवहींतील जागा

सटाण्यास शिक्षक असतां आम्हांस क्रिकेटपटूंचीं चित्रें जमविण्याचा छंद जडला. वहीच्या पहिल्या पानावर अर्थातच दि. ब. देवधर! पुण्यास संस्कृतचे प्राध्यापक असून १९२६ सालीं एम. सी. सी. विरुद्ध १४८ धावा काढणारा हा पुरुष आम्हां संस्कृतज्ञांचा अभिमान. परवां नातवानें विचारिलें, “आजोबा, ह्यांत बाळू पालवणकर कोठें आहेत?” आम्ही निरुत्तर झालों. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत १०० हून अधिक बळी घेणाऱ्या ह्या चर्मकार गोलंदाजास पुण्याच्या सवर्ण सवंगड्यांनीं चहा मात्र पॅव्हिलियनबाहेर, मातीच्या भांड्यांतून दिला होता. आमच्या वहींत तरी त्यांस आंत कोठें घेतलें होतें? आतां त्यांचें चित्र मिळालें आहे. पण देवधरांच्या आधीं पानच नाहीं. म्हणून वहीच नवी आणली.