परसातले कासवाचे झाड

आमच्या फोंड्याच्या परसात माड-पोफळी कितीतरी. पण मित्राने दिलेले एक रोप काही ओळखू येईना. अंगभर काळे, सुईसारखे काटे. नात चालू लागली तसे घरात ठरले, हे काढून टाकायचे. मी म्हटले, "आधी नाव तर कळू दे."

कुणी वेत म्हणाले, कुणी शिंदी. पण वेत वर चढतो, हे सरळ उभे. शिंदीचे पान पिसासारखे, याचे अखंड, टोकाला दुभंगलेले. शिवाय बुंध्यातून केवड्यासारखी आधारमुळे उतरलेली. तेव्हा ओळख पटली: व्हर्शाफेल्टिया स्प्लेंडिडा. रानात हा ताड फक्त सेशेल्स बेटांवर उगवतो. तिथल्या महाकाय कासवांपासून कोवळी रोपे वाचावीत म्हणून काटे आले असावेत, असे मानतात. झाड वाढले की काटे कमी होत जातात.

रोप राहिले, भोवती बांबूचे कुंपण आले. त्याला हवी ऊब, ओल, थोडी सावली आणि वाऱ्याचा आडोसा; नाहीतर पाने फाटतात. अवघड नाव नातीला जमत नाही. ती म्हणते "कासवाचे झाड". घरात आता तेच रुळले आहे.