शिकून आलेलं पिल्लू

आमच्या मळ्यातली कांद्याची चाळ दिवाळीच्या सुमारास रिकामी होते. उन्हाळ कांद्याचा शेवटचा ट्रॅक्टर मार्केटला गेला की चाळीत उरतो एका बाजूला सोयाबीनचा भुसा आणि दुसऱ्या बाजूला जुनी तागाची बारदानं. त्या भुशात आमच्या गावठी कुत्रीनं पाच पिल्लं घातली. ती राखणीची. सात वर्षांत घराचा उंबरा तिनं कधी ओलांडला नाही. पिल्लं दीड महिन्याची झाली आणि विंचूर-लासलगाव रस्त्यावर त्यांची आई एका पिकअपखाली गेली. चार पिल्लं आजूबाजूच्या वस्त्यांवर गेली. पाचवं अंगानं सगळ्यात बारीक, ते कुणी उचललं नाही. मी ते ओढणीत गुंडाळून घरात आणलं.

सासूबाईंनी तेव्हाच सांगितलं, "राखणीचं कुत्रं बाहेरच बरं. आणि देवघराकडं फिरकलं तर मी ऐकून घेणार नाही." त्यांचं चुकत नव्हतं. आमच्याकडं कुत्रं घरात ठेवायची रीतच नाही. पण दिवस डिसेंबरचे होते. आमच्या निफाड तालुक्याची थंडी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना सांगायला नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा आकडा रोज पेपरात येतो, आणि तो 2 अंशांच्या खाली गेलेलाही आम्ही पाहिला आहे. पहाटे द्राक्षबागांमधून शेकोट्या पेटतात, घड वाचावेत म्हणून. त्यात बिबट्याची भीती. उसाच्या आडोशानं तो वस्तीपर्यंत येतो आणि पहिल्यांदा कुत्रंच उचलतो. आईच्या उबेतून उठलेलं ते मूठभर पिल्लू ओट्यावर सोडायला माझं मन धजेना. पुठ्ठ्याच्या खोक्यात जुना टॉवेल अंथरून त्याची जागा मी स्वयंपाकघराच्या दाराशी केली.

पहिल्या तीन दिवसांतच घरात कुरबूर सुरू झाली. देवघरासमोरच्या पायपुसण्यावर शू. कोठीखाली दडपलेल्या पोत्याच्या तुकड्यावर शी. पुन्हा पायपुसण्यावर. मी फिनाईलनं फरशी पुसायची, पायपुसणं धुऊन वाळवायची, की संध्याकाळी पुन्हा तिथंच. चौथ्या दिवशी सासूबाई सोवळ्यानं पूजेला निघाल्या आणि त्यांचा पाय ओल्यात पडला. त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, परत आंघोळीला गेल्या. मला ते फार लागलं. मी पेपरची गुंडाळी केली, पिल्लाला मानेला धरून तिथं नेलं, त्याचं नाक त्या ओल्याजवळ धरलं आणि दोन फटके दिले.

ते ओरडलं नाही. पोट जमिनीला टेकवून, कान मागे पाडून बसलं आणि तिथंच पुन्हा थोडी शू झाली, भीतीनं. त्याची ती नजर मी विसरलेले नाही. त्या दिवसापासून पायपुसण्यावर काही होईना, म्हणून मला वाटलं जमलं. दोन दिवसांनी वास यायला लागला तेव्हा कळलं, ते आता कोठीच्या मागं, भिंतीच्या फटीत जाऊन उरकत होतं. फटक्यानं त्याला एवढंच समजलं होतं, की या बाईच्या देखत शू करायची नाही. मग मी त्याला बाहेर नेलं तरी ते माझ्यासमोर कसं करणार? अर्धा अर्धा तास मी अंगणात त्याच्याबरोबर उभी राहायची, ते माझ्याकडं बघत बसायचं, आणि आत आलं की कोठीमागं.

पहिल्या लसीला त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी दात बघून वय सात आठवडे धरलं. पार्वो आणि डिस्टेंपरची लस दिली, तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस आणि तीन महिने झाल्यावर रेबीजची असं कार्डावर लिहिलं, आणि मग विचारलं, "जन्मलं कुठं?"

"चाळीत."

"तिथं जाऊन एकदा बघा. कुठं झोपत होतं आणि कुठं शी-शू करत होतं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याला आपली आपण शूसुद्धा करता येत नाही. आई चाटते तेव्हा होते आणि तीच ते साफ करते, तीन आठवडे. पाय फुटले की पिल्लं झोपायच्या जागेपासून सरकत लांब जाऊन करायला लागतात. हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. आणि पाचव्या ते आठव्या आठवड्यात, जे पायाखाली लागतं तीच आपली जागा असं त्यांच्या डोक्यात बसतं. माती लागली तर माती, फरशी लागली तर फरशी.

घरी येऊन मी थेट चाळीत गेले. भुशात कुत्रीच्या अंगाएवढा खळगा अजून तसाच होता. मी त्यात हात घातला. कोरडा, स्वच्छ, तिच्या केसांचे पुंजके तेवढे अडकलेले. तिथून चार-पाच पावलांवर बारदानं पसरली होती, आणि त्यांच्यावर पिवळे डाग, वाळलेल्या लेंड्या. सगळं तिथंच. भुशावर एक थेंब नव्हता. पाच लहानगे जीव त्या अंधाऱ्या चाळीत उठून, पडत धडपडत, एवढं अंतर चालून जात होते आणि ताग पायाला लागला की बसत होते. आमचं पायपुसणं तागाचं. कोठीखालचा तुकडा तागाचा.

मी तिथंच बसून रडले. जे पोर त्याच्या समजुतीप्रमाणं बरोबर वागत होतं त्याला मी मारलं होतं.

त्या संध्याकाळी घरातलं तागाचं सगळं बाहेर काढलं. फरशी आधी साबणानं, मग व्हिनेगरच्या पाण्यानं पुसली, कारण फिनाईलनं आपल्या नाकाला बरं वाटतं, कुत्र्याला खालचा वास येतच राहतो. चाळीतलं एक डागाळलेलं बारदान मुद्दाम न धुता आणलं आणि अंगणात शेवग्याखाली अंथरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लू जागं झाल्या झाल्या उचलून तिथं नेऊन ठेवलं आणि मी पाठ करून उभी राहिले. त्यानं हुंगलं, दोन गिरक्या घेतल्या आणि बसलं. मी खिशातला भाकरीचा तुकडा लगेच त्याच्या तोंडाशी धरला. घरात जाऊन दिला असता तर तो कशाबद्दल मिळाला ते त्याला कळलं नसतं.

पुढं मग वेळा सांभाळायच्या. झोपून उठलं की बाहेर, खाऊन झालं की पाच-दहा मिनिटांत बाहेर, खेळता खेळता एकदम थांबून जमीन हुंगायला लागलं की बाहेर. दोन महिन्यांचं पिल्लू जागेपणी दोन-तीन तासांवर धरू शकत नाही, त्याच्यात ती ताकदच नसते. पोरीनं कॅलेंडरच्या मागं वेळा लिहायला सुरुवात केली. सहावीतली पोर, पण तिच्या त्या नोंदींनी घरातल्या मोठ्यांना शिस्त लावली.

रात्रीचा प्रश्न नानांनी, माझ्या सासऱ्यांनी, सोडवला. आमच्याकडं तेव्हा शेतीची थ्री-फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असायची. रात्रीच्या आठवड्यात माझे मिस्टर मोटर चालू करायला उठायचेच. उरलेल्या आठवड्यात नाना उठायला लागले. कानाला मफलर, एका हातात बॅटरी, एका हातात काठी, आणि मी पिल्लू घेऊन मागं. बिबट्यासाठी नाना आधी उसाच्या बाजूला बॅटरी फिरवायचे, काठी आपटायचे, मग म्हणायचे, "सोड आता त्याला." थंडीनं पिल्लाचे पाय थरथरायचे तरी ते बारदानापर्यंत चालत जायचं.

याच दिवसांत चंपाषष्ठी आली. आमचं कुलदैवत खंडोबा. चातुर्मासात सोडलेली वांगी त्या दिवसापासून पुन्हा खातात, आणि वांग्याचं भरीत, कांद्याची पात, बाजरीचे रोडगे असा नैवेद्य होतो. तळी भरून झाली आणि सासूबाई स्वतः पानातला घास घेऊन पिल्लाकडं निघाल्या. खंडोबाच्या सणाला कुत्र्याला घास घालायचा असतो. ज्या बाईला ते उंबऱ्याच्या आत नको होतं, ती त्याच्यापुढं वाकत होती, आणि मला तिचा हात धरावा लागला. "आई, भरीत नको. त्यात कांदा आहे."

कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, शिजवलेला असला तरी. आणि द्राक्षं, बेदाणे त्याची किडनी बंद पाडू शकतात. डॉक्टरांनी हे मला दोनदा बजावलं होतं. आमच्या विंचूरच्या मातीत हीच दोन पिकं आमचं घर चालवतात. सासूबाई थांबल्या. त्यांनी घास पानात परत ठेवला, आत गेल्या आणि कोऱ्या रोडग्याचा तुकडा तुपात भिजवून घेऊन आल्या. "ये रे वाघ्या," म्हणाल्या. तेच त्याचं नाव झालं.

चुका त्यानंतरही झाल्या. पाहुणे आले की आनंदानं शू व्हायची, एकदा लग्नाला गेलो आणि चार तास कोंडून राहिला तेव्हा झाली. मी पुसलं आणि गप्प राहिले. दर आठवड्याला मी शेवग्याखालचं बारदान कात्रीनं थोडं कापत गेले. जानेवारीच्या शेवटी ते पाटाएवढं होतं, फेब्रुवारीत तळहाताएवढं. तोवर खालच्या मातीलाच त्याचा वास लागला होता. साडेतीन महिन्यांचा असताना तो एका रात्री दाराशी जाऊन उभा राहिला आणि नखानं दार खरवडलं. माझ्याआधी नाना उठले.

मार्चमध्ये उन्हाळ कांदा निघाला. पात कापलेला कांदा चाळीत यायला लागला, वीस-बावीस बाया-माणसांची दिवसभर वर्दळ, आणि दुपारी जेवायला बसायला त्यांनी ओट्यावर आमचीच जुनी बारदानं अंथरली. वाघ्या आतून धावत आला. मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. तो बारदानाशी थांबला, नाक लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत हुंगत गेला, एका मावशीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला तरी हुंगत राहिला. मग ओट्यावरून खाली उतरला आणि शेवग्याकडं चालायला लागला.