आठ शतांश ग्रॅम

पेलेटचा नवा डबा उघडला की मी आधी चार-पाच दाणे तळहातावर घेते. शिशाचा मऊ दाणा, डमरूसारखी मधे आवळलेली कंबर. डोकं सपाट, म्हणून कार्ड फाटत नाही, पंचने पाडल्यासारखं गोल भोक पडतं. मागचा घेर जरा जरी चेपलेला दिसला की तो दाणा बाजूला.

डब्यावर वजन छापलेलं असतं: 0.45 ग्रॅम, 0.49, 0.53. हलका पिस्तूलवाल्यांचा, जड रायफलवाल्यांचा, असं रेंजवर सर्रास सांगतात. खोटं नाही ते, पण अपुरं आहे.

गेल्या पावसाळ्यात मी एअर रायफल व्हाइसमध्ये बांधली आणि साइटला हात न लावता 10 मीटरवर प्रत्येक डब्यातले दहा-दहा दाणे मारले. 0.45 चा ग्रुप वर पडला, 0.53 चा खाली. मधलं अंतर जेमतेम अडीच मिलिमीटर. कारण सरळ आहे. हवेचा जोर तोच, ओझं वाढलं की वेग घटतो. जड दाणा सेकंदाला साधारण 170 मीटरने निघतो, कार्डापर्यंत पोचायला सेकंदाचे सहा शतांश भाग घेतो आणि तेवढ्यात सतरा मिलिमीटर खाली येतो. हलका चौदाच. अडीच मिलिमीटर म्हणजे एअर रायफलच्या कार्डावरची अख्खी एक रिंग! आठ शतांश ग्रॅमची ही करामत. पण साइटचे थोडे क्लिक फिरवले की हा फरक मिटतो. ग्रुप सैल असेल तर मात्र कितीही क्लिक फिरवा, तो घट्ट होत नाही.

आणि ग्रुप बघताना वजन मागे पडलं. माझ्याकडे 0.53 चेच दोन डबे होते, एकाच्या डोक्याचा व्यास 4.49 मिलिमीटर, दुसऱ्याचा 4.50. पहिल्याची दहा भोकं एकमेकांत मिसळून एकच झाली. दुसऱ्याची पसरली, दोन तर स्पष्ट वेगळी पडली. वजन तेच, बॅरल तीच, फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा. दशांशाच्या गुणांकनात पाव मिलिमीटरला 0.1 गुण जातो. साठ शॉट्समध्ये त्याचा हिशेब मोठा होतो. शेजारच्या लेनवरच्या रायफलला नेमका 4.50 चाच दाणा मानवला, तेव्हा माझ्या निकालावरून कुणी डबा घेऊ नये.

50 मीटरच्या .22 मध्ये तर वजनाचा प्रश्न फारसा उरतच नाही. गोळी बहुधा 40 ग्रेनची, म्हणजे 2.6 ग्रॅमची. तिथे लॉट बघतात: एकाच कंपनीची, एकाच नावाची काडतुसं, पण लॉट बदलला की ग्रुप बदलतो. 2024 मध्ये पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने 451.4 गुणांवर कांस्य घेतलं तो प्रकार हाच, 50 मीटर थ्री पोझिशन. त्यानंतर आमच्याकडे मुलं वाढली, आणि डब्यांबद्दलचे प्रश्नही.

जड दाणा मला आवडतो तो वेगळ्या कारणाने. तो बॅरलमध्ये किंचित जास्त वेळ असतो. ट्रिगर सुटल्यावर गाल उचलायची घाई केली, तर ती कार्डावर उमटते. व्हाइसमध्ये हे कळत नाही, खांद्यावर कळतं.

परवा एक मुलगी म्हणाली, "ताई, कुठला घेऊ ते सांगा ना." मी चार डब्यांतले दहा-दहा दाणे तिला वेगवेगळ्या पुड्यांत बांधून दिले, प्रत्येक पुडीवर पेन्सिलीने वजन आणि व्यास लिहिला. दुपारी ती चार कार्डं खिडकीच्या उजेडात धरून बघत होती.