सेवा आमच्याकडे, हुद्दा कुणाकडे?

'रुग्णसेवा म्हणजे पुण्याचे काम' असे आम्हाला नेहमी सांगितले जाते. आमचा प्रश्न साधा आहे. एवढे पुण्याचे काम असेल, तर त्यातले बेडपॅन आणि फरशी आमच्याच वस्तीच्या वाट्याला का येते? आणि त्याच वॉर्डातली सही, शिक्का आणि पगाराची पावती दुसऱ्याच्या वाट्याला का जाते?

आम्ही लोअर परळचे. डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत, 160 चौरस फुटांच्या खोलीत वाढलो. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी संप सुरू झाला. वडील घरी बसले आणि आई बाहेर पडली. जवळच्या एका खाजगी नर्सिंग होममध्ये ती आया म्हणून लागली. पंधरा वर्षे तिने तिथे पेशंट पुसले, उचलले, भरवले. नेमणुकीचे पत्र तिला कधीच मिळाले नाही. सगळे तिला 'मावशी' म्हणत. काम सुटले त्या दिवशी कळले, की तिथल्या रजिस्टरात तिचे नावच नव्हते.

ही गोष्ट जुनी झाली असे आम्हाला वाटत होते. गेल्या वर्षी चाळीतल्या एका मुलीबरोबर आम्ही नोकरी शोधायला निघालो. बारावीनंतर तीन वर्षांचे जीएनएम पूर्ण, परिचर्या परिषदेची नोंदणी झालेली. एका ब्युरोत फाईल उघडण्याआधीच विचारले, "आडनाव काय? गाव कुठले?" मग उत्तर आले, "स्टाफ नर्सची जागा भरली. केअरटेकरची आहे, बारा तासांची. टॉवरमधल्या आजी आहेत, करशील?" दोन आठवड्यांनी तिच्याच कॉलेजमधल्या, वेगळ्या आडनावाच्या मैत्रिणीला त्याच ब्युरोने स्टाफ नर्स म्हणून पाठवले. हा पुरावा कोर्टात टिकणार नाही, हे आम्हालाही कळते. आजची जात शिवीगाळ करत नाही. ती आडनाव विचारते आणि हसून दुसरे काम देते.

लोअर परळला हे नवीन नाही. गिरण्यांत आपली माणसे रिंग-त्रासनात चालत होती, पण जास्त मजुरीच्या साचेखात्यात नव्हती. कारण धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागे आणि आपल्या तोंडाचा धागा इतरांना विटाळ वाटे. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. आज त्या गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर आहेत. आमच्या मुली तिथे सर्व्हिस लिफ्टने वर जातात आणि म्हाताऱ्यांच्या तोंडात घास भरवतात. भरवणारा हात चालतो. तोच हात इंजेक्शनच्या चार्टवर सही करू लागला, की अडचण होते.

म्हणजे सेवेचे काम हलके आहे का? मुळीच नाही. 1897 च्या प्लेगात रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीमाई गेल्या. आमचा विरोध कामाला नाही. जन्मावरून काम वाटण्याला आहे आणि सेवेच्या नावाखाली मजुरी बुडवण्याला आहे.

आता कुणी म्हणेल, खाजगीत जात दिसते, तर सरकारी नोकरी करा. पण तिथेही कंत्राट शिरले आहे. कायम पद भरताना बिंदुनामावली पाहावी लागते. एजन्सीने माणसे पुरवली, की बिंदुनामावली कुठे जाते? 6 सप्टेंबर 2023 चा शासन निर्णय आठवा. सरकारी कामासाठी खाजगी एजन्सीमार्फत मनुष्यबळ घ्यायचे ठरले होते. विरोध झाला, म्हणून ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला. निर्णय गेला, पण कंत्राट गेले नाही.

इथे आम्हाला आमची चूकही कबूल केली पाहिजे. विहारात रोजगार मार्गदर्शन करताना आम्हीच कित्येक पोरापोरींना सहा महिन्यांच्या 'पेशंट केअर' कोर्सला पाठवले. 'लगेच नोकरी' या दोन शब्दांना आम्ही भुललो. नोकरी लगेच लागली, हे खरे. पण ती मुले आजही तिथेच आहेत. त्या प्रमाणपत्रावर परिषदेची नोंदणी होत नाही आणि नोंदणीशिवाय नर्स होता येत नाही. शिका, हे बाबासाहेबांनी सांगितले. काय शिकायचे, हे आम्ही ब्युरोवाल्याला विचारत बसलो.

म्हणून तरुण मित्रमैत्रिणींनो, एवढे करा. बारावी झाली असेल, तर जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंगचाच अर्ज भरा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिचा फॉर्म वेळेत भरा. जे आज आया, वॉर्डबॉय, केअरटेकर आहेत, त्यांनी नेमणुकीचे पत्र मागा. त्यावर हुद्दा काय लिहिला आहे, ते वाचा. पीएफ आणि ईएसआय कापतात का, ते विचारा. 1942 ते 46 या काळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी ज्या कामगार विम्याचा पाया घातला, तो आपल्याच घरात पोहोचू नये?

आणि एकटे मागू नका. एकटा मागणारा दुसऱ्या दिवशी 'उद्यापासून येऊ नको' ऐकतो. मुंबई महापालिकेच्या 2,700 कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निकाल 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयात लागला, तो कचरा वाहतूक श्रमिक संघ वर्षानुवर्षे लढला म्हणून. केअरटेकरांची अशी संघटना आपल्या चाळींत का उभी राहू नये?

आमची आई आता थकली आहे. परवा तिला तपासायला घरी एक मुलगी आली, तेव्हा आईने आधी तिचे नाव विचारले. मग म्हणाली, "बाई, कागद घेतलास का कामाचा?"

जय भीम!