ताप आणि पालट

मराठीतील ‘पश्चात्ताप’ हा शब्द कृत्यानंतर मनाला होणाऱ्या दाहाकडे निर्देश करतो, तर नव्या करारातील ग्रीक ‘मेटानोइया’ या संज्ञेचा अर्थ मनाचा, किंबहुना अवघ्या जीवनदृष्टीचा पालट असा होतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूला धरून देणारा शिष्य यहूदा याच्या खेदासाठी मात्र निराळे क्रियापद योजले आहे: त्याने अपराध कबूल केला, चांदीची तीस नाणी परत केली, आणि तरीही, क्षमेची आशाच न उरल्यामुळे असे परंपरा मानते, त्या दाहाने त्याचाच अंत केला. करुणेवाचून हा प्रसंग वाचणे कठीण आहे.

लूककृत शुभवर्तमानातील यरीहोचा मुख्य जकातदार जक्कय, ज्याच्या घरी येशू आपण होऊन उतरला, तो अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ करतो आणि अन्यायाने घेतलेले चौपट फेडण्याचे वचन देतो. म्हणजे येथे स्वीकार आधी येतो, भरपाई त्यातून उगवते, परंतु लुबाडल्या गेलेल्या माणसाचा हक्क देवाच्या कृपेआड झाकला जात नाही, ही बाब विशेष मोलाची आहे. पुढे १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने पापदंडातून सवलत देणाऱ्या क्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध ९५ प्रबंध मांडले, तेव्हा पहिल्याच प्रबंधात श्रद्धावंताचे संपूर्ण आयुष्य पश्चात्तापाचे असावे, असे प्रतिपादन केले.